कॅप्टन नेमो भारतीय केव्हा झाला? : ज्यूल व्हर्नच्या मालिकेचा वाचनक्रम आणि मराठी समीक्षा

दीर्घ मालिकेतील पुस्तके कोणत्या क्रमाने वाचावीत, हा प्रश्न मराठी समीक्षेने ग्रंथपालांवर आणि हौशी वाचकांवर सोपवून दिलेला आहे. त्यातही मालिका विज्ञानकथेची असेल तर तो प्रश्न विचारणाराच पोरकट ठरतो. तीच समीक्षा लीळाचरित्रातील लीळांच्या क्रमाविषयी मात्र कमालीची दक्ष असते. म्हाइंभटाचा मूळ ग्रंथ हरवला, परंपरेने स्मरणाच्या आधारे तो पुन्हा सिद्ध केला, आणि पुढे ह. ना. नेने, शं. गो. तुळपुळे, वि. भि. कोलते यांच्या आवृत्त्यांतून लीळांची संख्या व मांडणी वेगवेगळी आली, याची चर्चा पदव्युत्तर वर्गांत तासन्‌तास चालते. गाथेतील अभंगांचा क्रम तुकोबांचा नव्हे, तो संकलकांचा आहे, हेही सांगितले जाते. क्रम बदलला की अन्वयार्थ बदलतो, हे तत्त्व ज्यांना जुन्या वाङ्मयाबाबत मान्य आहे, त्यांना ते एकोणिसाव्या शतकातील एका फ्रेंच कादंबरीमालिकेबाबत अमान्य का व्हावे? याचे कारण वाङ्मयीन नसून प्रतिष्ठेचे आहे. एकीकडे संहिता आहे, दुसरीकडे मुलांची पुस्तके आहेत, अशी ही विभागणी आहे.

ही मालिका म्हणजे ज्यूल व्हर्नची 'असाधारण प्रवास'. १८६३ साली बलूनच्या प्रवासाची पहिली कादंबरी आली. १८६६ मध्ये प्रकाशक पिएर-ज्यूल एत्झेल याने या सर्व लेखनाला एक सामायिक नाव दिले आणि भूगोल, भूगर्भ, पदार्थविज्ञान, खगोल या सगळ्या आधुनिक ज्ञानाचा सारांश कथारूपाने सांगण्याचा संकल्प जाहीर केला. १९०५ मध्ये व्हर्न वारला तोवर मालिकेत ५४ कादंबऱ्या झाल्या होत्या. बहुतेक प्रथम क्रमशः छापल्या गेल्या, त्यांतील पुष्कळशा एत्झेलच्याच शिक्षण-मनोरंजनाच्या पाक्षिकातून. मराठीत व्हर्नचा प्रवेश जुना आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी 'केरळ कोकिळ' मासिकात त्याच्या चंद्रप्रवासाचे भाषांतर येत होते, आणि मराठी विज्ञानकथेचा इतिहास सांगणारे बहुतेकजण याच नोंदीपासून आरंभ करतात. पुढे भा. रा. भागवतांनी 'चंद्रावर स्वारी', 'समुद्र सैतान' अशी पुस्तके लिहून व्हर्नला मराठी मुलांच्या घरातला माणूस केला. भागवतांचे हे ऋण मोठे आहे आणि त्यांना येथे कोणताही दोष द्यावयाचा नाही. त्यांनी मुलांसाठी लिहिले व ते उत्तम लिहिले. दोष आहे तो त्यांच्यानंतर आलेल्या समीक्षेचा. भागवतांनी जेथे मुलांचा हात सोडला तेथून पुढे प्रौढ वाचकाला नेण्याचे काम तिचे होते.

वाचनक्रमाविषयी दोन मते प्रचलित आहेत. पहिले मत असे की, प्रत्येक पुस्तक स्वयंपूर्ण आहे, हाती येईल ते वाचावे. दुसरे मत अधिक काटेकोर दिसते: कथेतील घटना ज्या सनावळीने घडतात त्या सनावळीने पुस्तके लावावीत, म्हणजे 'खरा' क्रम मिळतो. या दुसऱ्या मताला अलीकडे बराच मान मिळाला आहे, कारण आयझॅक ॲसिमॉव्हसारख्या लेखकाने १९८८ साली आपल्या 'फाउंडेशन'च्या पूर्वकथेला जोडलेल्या टिपणात आपली सगळी पुस्तके भविष्यकाळाच्या सनावळीने लावून दाखविली. लेखकानेच यादी दिली म्हटल्यावर वाद मिटला, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः लेखकाने मागाहून केलेली यादी हा त्याच्या लेखनाचा एक भाग असतो. वाचकावर तिचे बंधन नसते. शिवाय 'फाउंडेशन'च्या पहिल्या पुस्तकातील पहिला भाग मुळात १९५१ च्या ग्रंथावृत्तीसाठी नव्याने लिहिलेला, म्हणजे १९४२ ते १९५० या काळात मासिकातून आलेल्या सर्व कथांच्या नंतरचा आहे, हे यादी पाठ करणाऱ्यांच्या ध्यानात क्वचितच येते.

घटनाक्रमाच्या या मताची कसोटी व्हर्नपाशी घ्यावी. 'कॅप्टन ग्रँटची मुले', 'समुद्राखाली वीस हजार लीग' आणि 'गूढ बेट' या तीन कादंबऱ्या परस्परांशी बांधलेल्या आहेत. पहिलीतील गुन्हेगार एअर्टन आणि दुसरीतील कॅप्टन नेमो हे दोघेही तिसरीत येऊन पोचतात. आता सनावळ्या पाहा. पहिल्या कादंबरीची घटना १८६४ मध्ये सुरू होते आणि एअर्टनला १८६५ मध्ये टॅबर बेटावर सोडून दिले जाते. 'गूढ बेटा'तील माणसे मार्च १८६५ मध्ये रिचमंडहून बलूनने निसटून पॅसिफिकमध्ये आदळतात. पुढच्याच वर्षी त्यांना एअर्टन सापडतो तेव्हा तो एकान्तवासाने पशुवत झालेला आहे, आणि त्या बेटावर त्याची बारा वर्षे गेलेली आहेत. नेमोची गोष्ट याहून बिकट आहे. प्राध्यापक आरोनाक्स नॉटिलसवर कैदी म्हणून येतो तो नोव्हेंबर १८६७ मध्ये आणि सुटतो जून १८६८ मध्ये. पण 'गूढ बेटा'त वृद्ध, एकाकी नेमो १८६५ पासूनच त्या बेटाच्या पोटातील गुहेत आहे, आणि १८६८ च्या ऑक्टोबरात तो मरतो. इतकेच नव्हे, तर अभियंता सायरस स्मिथ त्याला ओळखतो ते आरोनाक्सच्या छापील पुस्तकावरून! मार्च १८६५ पासून जगाशी संबंध तुटलेल्या माणसाने १८६८ नंतरच लिहिले जाऊ शकणारे पुस्तक वाचलेले आहे.

ही विसंगती व्हर्नच्या नजरेतून सुटली असे म्हणता येत नाही. 'गूढ बेटा'त एअर्टनची हकीकत येते तेथे प्रकाशकाची एक तळटीप आहे. तारखांत काही तफावत दिसेल, पण खऱ्या तारखा आधी का देता आल्या नाहीत हे वाचकास पुढे कळेल, असे ती सांगते. पुढे काही कळत नाही ही गोष्ट वेगळी. तेव्हा घटनाक्रमाने या तीन कादंबऱ्या लावू पाहणाऱ्याला एक तर तारखा खोट्या मानाव्या लागतात, नाही तर दोन नेमो मानावे लागतात. रशियन रूपवाद्यांनी घटनांचा क्रम आणि कथनाचा क्रम यांत जो भेद केला, आणि जेरार झनेत याने १९७२ मध्ये ज्याची सविस्तर मांडणी केली, तो भेद येथे एका कादंबरीच्या आत राहत नाही. तो मालिकाभर पसरतो आणि तुटतो. घटनाक्रम म्हणून कथनातून काढून दाखविता येईल अशी एकसंध वस्तूच येथे अस्तित्वात नाही. कथनाचे तुकडे आहेत, आणि त्यांचा एकमेव निश्चित क्रम ते वाचकापुढे केव्हा आले हा आहे.

म्हणून प्रकाशनक्रम. १८६९-७० मध्ये 'वीस हजार लीग' क्रमशः येत असताना नेमो कोण होता? लॅटिनमध्ये त्याच्या नावाचा अर्थच 'कोणीही नाही' असा आहे. व्हर्नच्या मनात तो १८६३ च्या उठावात रशियाने चिरडलेल्या पोलंडचा सरदार होता. रशियातील ग्राहक दुखावतील म्हणून एत्झेलने त्यास नकार दिला, आणि त्या दोघांच्या पत्रव्यवहारातून शिल्लक राहिला तो राष्ट्र नसलेला माणूस. म्हणजे १८७० च्या वाचकासमोर नेमोच्या जागी एक रिकामी चौकट होती. रोलाँ बार्थने नॉटिलसविषयी लिहिलेले प्रसिद्ध टिपण, बंदिस्त जागेत सुखावणाऱ्या मनाचे वर्णन म्हणून ज्याचा उल्लेख होतो, ते याच रिकाम्या नेमोचे वर्णन आहे. त्यात १८७५ चा नेमो नाही. बार्थला वगळता आला तो नेमो भारतीय वाचकाला मात्र वगळता येत नाही.

१८७४-७५ मध्ये 'गूढ बेटा'ने ती चौकट भरली. नेमो म्हणजे राजपुत्र डक्कार, बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा आणि टिपूचा पुतण्या. दहाव्या वर्षी शिक्षणासाठी युरोपात गेला, १८४९ मध्ये परतला, १८५७ च्या उठावात लढला, कुटुंब गमावून समुद्राखाली गेला. म्हैसूरच्या टिपूचा पुतण्या बुंदेलखंडात कसा जन्मला, आणि १७९९ मध्ये मेलेल्या टिपूचा पुतण्या एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर शाळकरी पोर कसा, असे प्रश्न व्हर्नला पडले नाहीत. पॅरिसच्या वाचकालाही पडले नसतील. पण या एका प्रकटीकरणाने पाच वर्षांपूर्वीची कादंबरी पुन्हा लिहिली गेली. सिलोनजवळच्या मोत्यांच्या समुद्रात नेमो एका गरीब भारतीय पाणबुड्याला शार्कपासून वाचवतो, त्याच्या हातात मोत्यांची पिशवी ठेवतो, आणि आपणही दडपलेल्यांच्याच देशाचे आहोत अशा आशयाचे काही आरोनाक्सला सुचवतो. १८७० मध्ये हे दलितांविषयीचे सर्वसाधारण ममत्व होते. १८७५ नंतर ती स्वदेशीयाला दिलेली भेट झाली. नंतरचा लेखक आपले पूर्वसूरी निर्माण करतो, असे बोर्हेसने काफ्काच्या निमित्ताने म्हटले आहे. येथे नंतरच्या पुस्तकाने आपले आधीचे पुस्तक निर्माण केले. पण हा व्यापार अनुभवायचा तर आधीचे पुस्तक आधी, त्याच्या रिकामेपणासह, वाचलेले असावे लागते. जो वाचक 'नेमो भारतीय होता' हे ठाऊक करून घेऊनच 'वीस हजार लीग' उघडतो, त्याला तो पाणबुड्या पहिल्याच वाचनात आपला माणूस म्हणून भेटतो. १८७० चा प्रसंग त्याच्या वाट्याला येतच नाही.

येथे तिसऱ्या एका मताचा परामर्श घ्यावा लागतो. ते सिद्धान्त म्हणून मांडले जात नाही, पण मराठी नियतकालिकांतून आणि व्याख्यानांतून वारंवार कानी पडते. नेमो 'आपला' होता, सत्तावनचा वीर होता, हे सांगताना होणारा आनंद म्हणजे ते मत. या आनंदालाही स्वतःचा एक वाचनक्रम असतो. तो 'गूढ बेटा'पासून सुरू होतो, मागे 'वीस हजार लीग'कडे जातो आणि तेथेच थांबतो. 'गूढ बेटा'तही तो पूर्ण थांबत नाही. मृत्युशय्येवरील नेमोने आपली कहाणी सांगून न्याय मागितल्यावर सायरस स्मिथ त्याला काय सांगतो, इकडे त्याचे लक्ष नसते. गतकाळ पुन्हा जिवंत करता येईल असे मानण्यात तुमची चूक झाली, तुम्ही अटळ प्रगतीच्या विरुद्ध लढलात, असा तो निवाडा आहे. अमेरिकन अभियंता भारतीय बंडखोराला आदराने, पण स्पष्टपणे, इतिहासाच्या चुकीच्या बाजूला बसवतो. व्हर्नच्या हस्तलिखितात नेमोचा अखेरचा उद्गार स्वातंत्र्याचा होता. छापताना तो बदलून देव आणि देश यांचा झाला. बदल एत्झेलचा, आणि फ्रेंच अभ्यासकांत तो सर्वज्ञात आहे; नेमोचा अभिमान बाळगणाऱ्या मराठी लेखनात त्याचा उल्लेख अभावानेच आढळतो.

या अभिमानाला सर्वांत अडचणीचे पुस्तक मात्र १८८० चे आहे: 'वाफेचे घर'. पोलादी हत्तीच्या आकाराचे वाफेचे इंजिन दोन फिरती घरे ओढत उत्तर हिंदुस्थानातून नेते, अशी त्यातील यंत्रकल्पना. कथेचा काळ १८६७, आणि तिचा आरंभ होतो औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात. भिंतीवर इनामाची जाहिरात लागली आहे. ज्याच्या डोक्यावर इनाम आहे तो फकिराच्या वेशात गर्दीतच उभा आहे. तो नानासाहेब पेशवा. तेथून तो वेरूळच्या लेण्यांत लपतो आणि सातपुड्याकडे सरकतो. व्हर्नच्या सबंध मालिकेत मराठी मुलखाचा इतका जवळून स्पर्श दुसऱ्या कोठे होत असेल तर 'ऐंशी दिवसांत जगप्रदक्षिणे'त. तेथे फॉगची आगगाडी कल्याण आणि खानदेश ओलांडून जाते, पण ती थांबत नाही. 'वाफेच्या घरा'त कथा या मुलखात उतरते, आणि उतरते ती मराठ्यांच्या इतिहासातील एका प्रमुख पुरुषाला सूडाने पेटलेला खलनायक म्हणून उभे करण्यासाठी. कर्नल मन्रोची पत्नी कानपूरच्या कत्तलीत गेली असे मानले जाते. मन्रो आणि नानासाहेब परस्परांच्या शोधात आहेत. व्हर्नने सत्तावनच्या उठावावर एक स्वतंत्र प्रकरण लिहिले आहे आणि त्यात ब्रिटिशांनी घेतलेल्या सूडाचीही नोंद आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तरी कथेची सहानुभूती कोणाच्या बाजूला आहे याविषयी संदेह राहत नाही.

आता घटनाक्रमाचे मत येथे लावून पाहावे. १८६७ हे वर्ष दोन्हीकडे आहे: नोव्हेंबरात आरोनाक्स नॉटिलसवर चढतो, आणि त्याच वर्षी नानासाहेब वेरुळात दडलेला आहे. सनावळीने पुस्तके लावणाऱ्याच्या फळीवर सत्तावनचे दोन बंडखोर शेजारी-शेजारी उभे राहतात, एक उदात्त आणि एक क्रूर, जणू काही लेखकाने दोन्ही बाजू तोलून मांडल्या. ही समतोलाची प्रतिमा पूर्णतः बनावट आहे. प्रकाशनक्रमाने वाचले तर दिसते ते असे: १८७२ मध्ये बुंदेलखंड म्हणजे सती जाळणाऱ्या धर्मांध लोकांचा मुलूख, जेथून पारशी व्यापाऱ्याच्या घरातली औदा हिला इंग्रज गृहस्थ सोडवून नेतो. १८७५ मध्ये तोच बुंदेलखंड एका सुसंस्कृत, युरोपात शिकलेल्या, अन्यायाने पेटलेल्या राजपुत्राची जन्मभूमी. १८८० मध्ये सत्तावनचा वारसा पुन्हा सूडाच्या अंधारात. ही एका लेखकाच्या मनाची आठ वर्षांतली ओढाताण आहे. एक आधीच्या अध्यायाला नाकारणारा दुसरा अध्याय, आणि त्या दुसऱ्यालाही मागे सारणारा तिसरा.

आणि या ओढाताणीला एक तर्कही आहे. व्हर्न ज्या बंडखोरावर प्रेम करू शकला तो कल्पनेतला होता, त्याचे नाव 'कोणीही नाही' होते, आणि तो जमिनीवर राहत नव्हता. त्याचे राज्य पाण्याखाली होते, जेथे महसूल, सैन्य, वारसाहक्क यांपैकी काहीच नसते. इतिहासातला बंडखोर, ज्याला घराणे, ब्रह्मावर्ताची गादी आणि बंद झालेला तनखा होता, तो जमिनीवर आला की व्हर्नच्या लेखी राक्षस झाला. नेमोचे भारतीयत्व फ्रेंच कादंबरीला परवडले, कारण ते उघड झाले तेव्हा त्याला जाण्यासारखी भूमी उरलेली नव्हती. उघड होताच तो मरतो. पिएर माशेरे याने १९६६ मध्ये व्हर्नच्या 'गूढ बेटा'चे वाचन करताना संकल्पित आशय आणि प्रत्यक्ष कथन यांतील भेगेवर बोट ठेवले होते. भारतीय वाचकाच्या दृष्टीने त्या भेगेचा दुसरा काठ १८८० मध्ये आहे, आणि तेथपर्यंत न गेलेला देशाभिमान व्हर्नच्या अर्ध्याच वाक्यावर टाळ्या वाजवीत असतो.

मराठी वाचक तेथपर्यंत का गेला नाही, याचे उत्तर त्याच्या हाती आलेल्या पुस्तकांत आहे. व्हर्न आपल्याकडे मुख्यतः इंग्रजीतून आला, आणि इंग्रजीने त्याला आधीच कापले होते. 'वीस हजार लीग'चे १८७० च्या दशकातील लुई मर्सियरचे भाषांतर मूळ मजकुराचा फार मोठा भाग गाळते. तेच पुढे दशकानुदशके प्रमाण म्हणून छापले गेले. 'गूढ बेटा'चे १८७५ चे भाषांतर किंग्स्टन या नावाने प्रसिद्ध आहे. ते त्याच्या पत्नीने, अ‍ॅग्नेस किन्लॉक किंग्स्टन हिने, केले असे आता मानले जाते. त्यात डक्कारची कहाणी उलटी फिरविलेली आहे. ब्रिटिशांवरील आरोप बोथट केले आहेत आणि राजपुत्राच्या बंडाला वैयक्तिक द्वेषाचे रूप दिले आहे. 'वाफेचे घर' इंग्रजीत दोन भागांत निघाले. पहिल्याचे नाव 'कानपूरचा राक्षस', दुसऱ्याचे 'वाघ आणि देशद्रोही'. फ्रेंच शीर्षकात यंत्र होते. इंग्रजी शीर्षकात निकालपत्र आले. म्हणजे मालिकेतील जे दोन ग्रंथ भारतीय वाचकाशी थेट बोलत होते, तेच दोन भारतात येताना बदलले. 'गूढ बेटा'ची विश्वासार्ह इंग्रजी भाषांतरे २००१ साली आली, सिडनी क्रॅविट्झचे आणि जॉर्डन स्टंपचे. तोवर नेमो भारतीय आहे हे ज्यांना कळले, त्यांतील पुष्कळांना ते किंग्स्टनच्या शब्दांत कळले.

त्याच काळात मराठीत बुंदेलखंडाचा खरा साक्षीदार होता. वरसईचे विष्णुभट गोडसे सत्तावनच्या धामधुमीत झाशीत होते, आणि त्यांची हकीकत चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये, तीही फेरफार करून छापली. मूळ मजकूर दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. 'माझा प्रवास' कोणत्या आवृत्तीत वाचला यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो, हे आज कोणताही मराठीचा विद्यार्थी सांगेल. मग डक्कारची कहाणी किंग्स्टनच्या आवृत्तीत वाचली की क्रॅविट्झच्या, हा प्रश्न कमी दर्जाचा कसा?

यावर एक आक्षेप येईल आणि तो सर्वांत वजनदार आहे. प्रकाशनक्रमाने वाचा, हा सल्ला ज्याच्या घरी ५४ पुस्तकांची फळी आहे त्याच्यासाठी आहे. दिग्रससारख्या तालुक्याच्या गावी, जेथे नवे पुस्तक मागवायचे तर यवतमाळ-अमरावतीकडे किंवा टपालाकडे पाहावे लागते, तेथील वाचकाचा क्रम ना घटनेचा असतो ना प्रकाशनाचा. तो प्राप्तिक्रम असतो. वाचनालयात जे परत आले असेल ते तो घेतो. शाळेच्या कपाटात 'समुद्र सैतान' मिळाले, दहा वर्षांनी बाजारात 'ऐंशी दिवसां'ची एखादी संक्षिप्त आवृत्ती मिळाली, आणि आज स्वामित्वहक्क संपलेले म्हणून मोबाइलवर फुकट जे मिळते ते बहुधा जुने, कापलेले भाषांतरच असते. अशा वाचकाला 'योग्य क्रम' सांगणे म्हणजे उपाशी माणसाला पंगतीत वाढण्याचा क्रम शिकविणे होय, असे कोणी म्हणेल.

हा आक्षेप वाचकापुरता पूर्णतः खरा आहे. कोणत्याही वाचकाने हाती आलेले पुस्तक क्रम चुकेल म्हणून खाली ठेवू नये. खुद्द एत्झेलच्या पाक्षिकाचे वर्गणीदारही मध्येच सामील होत, आणि दिवाळी अंकांवर वाढलेल्या मराठी वाचकाला मध्येच सुरू करण्याची सवय कोणी शिकवावी लागत नाही. परंतु हा आक्षेप समीक्षकाला मोकळे करीत नाही. उलट त्याची जबाबदारी वाढवितो. प्राप्तिक्रमाने वाचणाऱ्यालाच प्रकाशनक्रम ठाऊक असण्याची गरज अधिक असते. आपण मालिकेत कोठे उभे आहोत, हाती असलेली संहिता कोणाची, तिच्या आधी काय होते आणि तिने ते कसे बदलले, हे कळले तर आधी 'गूढ बेट' वाचणारा दिग्रसचा विद्यार्थीही १८७० चा रिकामा नेमो कल्पनेने उभा करू शकतो. आपल्या पुनर्मुद्रणांतून मूळ ग्रंथाचे वर्ष, भाषांतर कोणत्या भाषेतून व कोणत्या आवृत्तीवरून केले याची नोंद, संक्षेप आहे की नाही याचा उल्लेख, यांपैकी काहीही पुष्कळदा नसते. असते ते चालू आवृत्तीचे वर्ष. जो समाज रिद्धपूरच्या पोथीतील एका लीळेच्या स्थानासाठी वाद घालू शकतो, त्याच्या पुस्तकांच्या दुसऱ्या पानावर ही तीन ओळींची माहिती नसावी, हे अनाकलनीय आहे.

प्रकाशनक्रमालाही मर्यादा आहेत. व्हर्नच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झालेल्या कादंबऱ्यांत त्याचा मुलगा मिशेल याने मोठे फेरफार केले होते, आणि ते १९७० च्या दशकात हस्तलिखितांवरून उघड झाले. 'विसाव्या शतकातील पॅरिस' १८६० च्या दशकात लिहिली गेली आणि छापली गेली १९९४ मध्ये. तिला मालिकेच्या अखेरीस ठेवावे की आरंभी, याचे एकच उत्तर नाही. लेखकाच्या जडणघडणीचा विचार करताना ती आरंभी, आणि वाचकांच्या इतिहासाचा विचार करताना अखेरीस. पण ही अडचण अपवादात्मक ग्रंथांची आहे. नेमोच्या बाबतीत ती उद्भवत नाही. तेथे १८६९, १८७४ आणि १८८० या तारखा निर्विवाद आहेत आणि लेखक त्या तिन्ही वेळी हयात होता.

विद्यापीठीय अभ्यासक्रमांत विज्ञानसाहित्याचा घटक आता ठिकठिकाणी आहे, आणि १९७४ च्या मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेतील नारळीकरांच्या 'कृष्णविवर' कथेपासून तो शिकविण्याची रूढी पडली आहे. त्यापूर्वीचा व्हर्न एका वाक्यात आटोपतो: मराठीत त्याची भाषांतरे झाली. कोणत्या पुस्तकांची झाली, कोणत्या इंग्रजी संहितेवरून झाली, 'गूढ बेटा'तील डक्कारची कहाणी मराठीत येताना तिचे काय झाले आणि औरंगाबादच्या भिंतीवरील इनामाच्या जाहिरातीने सुरू होणारी कादंबरी मराठी वाचकापर्यंत केव्हा व कोणत्या रूपात पोचली, हा एका प्रबंधाचा विषय आहे. त्यासाठी 'केरळ कोकिळ'च्या जुन्या फायली, भागवतांच्या पुस्तकांच्या पहिल्या आवृत्त्या आणि १८८१ ची 'कानपूरचा राक्षस' ही इंग्रजी प्रत एकाच टेबलावर यावी लागेल.